अश्वशूळ, शिलेदार आणि हिंगोलीची छावणी

घोडदळाचा इतिहास लिहिताना आपले लेखक स्वारांची संख्या, त्यांचे वेतन आणि त्यांनी मारलेल्या मजला यांची नोंद काळजीपूर्वक करतात. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर हा इतिहास घडला त्याच्या पोटाची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. रणात पडलेला घोडा बखरीत येतो, खलित्यात येतो. ठाणावर रात्री शुळाने तडफडून मेलेला घोडा कोठेच येत नाही. वास्तविक घोड्याच्या अनैसर्गिक जीवनक्रमाशी, म्हणजे माणसाच्या सेवेशी, शुळाइतका निकटचा संबंध असलेली व्याधी दुसरी क्वचितच असेल. प्रस्तुत लेखात ह्या व्याधीची ओळख आणि तिच्यावरील उपाय यांचा विचार परभणी जिल्ह्यातील एका लष्करी ठाण्याच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

हे ठाणे म्हणजे हिंगोली. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. १८१९ पासून १९०३ पर्यंत येथे हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेची छावणी होती. १८५३ च्या तहाने ह्या फौजेचे किमान बळ ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने असे ठरले व तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे सोपविण्यात आला. ह्या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पागेतील बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार आपला घोडा, खोगीर आणि शस्त्र घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचे; शिलेदाराचा मेला तर त्याचे भांडवल बुडाले आणि नव्या घोड्याची सोय होईपर्यंत तो स्वार राहिला नाही. शिलेदारी रिसाल्यांतून 'चंदा' नावाचा सामाईक निधी असे व घोडा गमावणाऱ्यास त्यातून साहाय्य मिळे, ही व्यवस्थाच अशा आपत्ती किती नित्याच्या होत्या हे सांगते. ज्याच्या संसाराचे मोल खुंट्याला बांधलेले आहे, तो मनुष्य रात्री घोड्याच्या पाय आपटण्याचा आवाज कोणत्या कानाने ऐकत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

शूळ हा एक रोग नव्हे, ते अनेक विकारांचे लक्षण होय. आतड्याचा नुसता आकडा किंवा वायूचा संचय, सुकलेल्या चाऱ्याचा गोळा अडकणे, पोटात वाळू साचणे, कृमींनी आतड्याच्या रक्तवाहिनीस केलेली इजा, आतड्याचा प्रत्यक्ष पीळ, हे सर्व बाहेरून पोटदुखी म्हणूनच दिसते. अश्वाच्या शरीररचनेत ह्या संकटाची बीजे आहेत. त्याचे जठर देहाच्या मानाने फार लहान, सुमारे ८ ते १५ लिटरांचे. अन्ननलिका जठरास जेथे मिळते तेथील स्नायू इतका घट्ट की घोड्यास ओकारी होत नाही. आत गेलेले फुगले तर परत येण्यास वाट नाही. पुढे मोठे आतडे विस्तीर्ण, सैल आणि वळणावळणांचे असून एका वळणाशी एकाएकी अरुंद होते. दिवसभर थोडेथोडे चरावे, चालावे, पाणी प्यावे अशा जीवनासाठी ही रचना ठीक आहे. तोबऱ्यात दोन वेळा चंदी आणि उरलेला दिवस अगाडी-पिछाडीत, अशा जीवनासाठी ती नाही.

ओळखण्याच्या बाबतीत जुन्या लोकांचे ज्ञान पक्के होते, असे म्हणण्यास आधार आहे. घोडा चंदी सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळूनवळून कुशीकडे पाहतो, मागच्या पायाने पोटाला लाथ मारतो, बसतो-उठतो, लोळतो, घामाने निथळतो. लीद कमी होते किंवा थांबते. संस्कृत अश्वशास्त्रापासून फारसी फरसनाम्यांपर्यंत हा विकार परिचित आहे आणि हिंदुस्थानीत त्याला 'कुरकुरी' हे स्वतंत्र नाव आहे. आजचा पशुवैद्यही ह्याच खुणांपासून आरंभ करतो. त्याने भर घातली ती मोजमापाची: निरोगी घोड्याची नाडी स्वस्थ असता मिनिटास सुमारे २८ ते ४४, ती ६० च्या वर टिकून राहिली तर प्रकरण गंभीर समजावे, आणि हिरड्या लालभडक वा निळसर झाल्या, बोटाने दाबलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा रंगली नाही, तर विलंबास अवसर नाही असे समजावे.

तथापि दोन ठिकाणी ही पारंपरिक नजर फसत असे. शूळ उठलेला घोडा कित्येकदा पाय ताणून लघवीच्या पवित्र्यात उभा राहतो. त्यावरून 'लघवी अडली' असा निष्कर्ष काढून भलतेच उपाय करण्याची चाल केवळ आपल्याकडे नव्हे, जगभर होती. दुसरी फसगत अधिक घातक. तासन्‌तास तडफडणारा घोडा एकाएकी शांत होतो, अंगाला थंड घाम सुटतो, आणि भोवतीचे लोक औषध लागू पडले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात जठर किंवा आतडे फुटल्यामुळे ताण गेलेला असतो. पुढे काही तासांत मृत्यू ठरलेला.

येथेच जुन्या औषधांच्या कीर्तीचा प्रश्न उभा राहतो. हिंग, ओवा, सुंठ, काळे मीठ, तेल. शिवाय 'बत्तिसा' म्हणून प्रसिद्ध असलेला बत्तीस जिनसांचा मसाला. ह्या द्रव्यांना गुण नाही असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु शुळाचे बहुसंख्य प्रसंग आकड्याचे वा वायूचे असतात व ते अल्प उपायाने, पुष्कळदा उपायावाचूनही, शमतात. ज्यांत आतड्यास पीळ पडला आहे ते कोणत्याही मसाल्याने शमत नाहीत. पहिल्या प्रकाराचे श्रेय औषधाला आणि दुसऱ्याचा दोष दैवाला, असा हिशेब शतकानुशतके चालला. ग्रंथांतील पाठ मोजून अश्ववैद्यकाची योग्यता ठरविणाऱ्या अभ्यासकांनी ही गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही. माझ्या मते अश्वशुळाचा खरा इतिहास औषधांच्या याद्यांत नसून चारा, पाणी आणि चंदी यांच्या व्यवस्थेत शोधला पाहिजे.

ह्या दृष्टीने पाहिले असता काही परिचित साधनेच नव्याने बोलू लागतात. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद असल्याचे नमूद करतो. त्यात वैद्य नाही, ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नालबंद हाच पुष्कळदा घोड्याचा वैद्य असे, आणि पखाल ही तर शुळावरील पहिली प्रतिबंधक योजना. कारण कोरडा कडबा खाऊन पाण्यावाचून राहिलेल्या घोड्याच्या आतड्यात गोळा अडकतो. तसेच १६७४ च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांस महाराजांनी पाठविलेले पत्र. ते रयतेच्या भाजीच्या देठासंबंधी प्रसिद्ध आहे. परंतु त्यातील मोठा भाग दाणा-वैरणीच्या हिशेबाचा आहे. साठा आताच मन मानेल तसा उधळला तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्याचा आशय. एक दिवस भरपूर आणि दुसऱ्या दिवशी उपास, ह्या क्रमाने घोडा उपासानेच मरतो असे नव्हे. आहारातील आकस्मिक फरक हे शुळाचे एक प्रमुख कारण आहे.

हिंगोलीच्या छावणीकडे ह्याच नजरेने पाहावे. शिलेदारी रिसाल्यांत सामान्यतः दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक मोतद्दार असे. मोतद्दाराने रोज रानात जाऊन गवत आणावयाचे. उन्हाळ्यात उभे गवत नाहीसे झाले म्हणजे तो खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून काढी. हरळी पौष्टिक खरी, पण मुळांबरोबर माती येते. ती झटकून, धुऊन घातली नाही तर दिवसेंदिवस आतड्यात साचत राहते. म्हणजे गवत झोडण्याचा कंटाळा करणारा मोतद्दार नकळत शुळाची पेरणी करीत असे. चंदीचेही तेच. दख्खनमध्ये हरभरा आणि कुळीथ हे घोड्याचे धान्य. कुळीथ शिजवून देण्याची रीत होती, हरभरा भरडून वा भिजवून. कोरडा हरभरा अधाशीपणे खाऊन घोडा वर पाणी प्याला तर दाणा त्या लहानशा जठरात फुगतो. 'पाणी आधी, चंदी मागाहून' हा छावण्यांतील दंडक ह्या अनुभवातून निघाला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मराठवाड्यातील वैरण नाहीशी केली तेव्हा हिंगोलीस फौज अद्याप होती. जे मिळेल ते घोड्यापुढे टाकण्याचा तो काळ होता.

मराठीतील 'सालोत्री' हा शब्द शालिहोत्र ह्या ऋषिनामापासून आलेला आहे. अश्वविद्येचा मूळ आचार्य म्हणून परंपरा ज्याला मानते त्याचेच नाव पुढे व्यवसायाला मिळाले. जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वचिकित्सित' हे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास छापले गेले. परंतु त्यांतील विद्या त्यापूर्वीच संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून हिंदुस्थानीत उतरली होती. सआदत यार खान 'रंगीन' याचा पद्यमय फरसनामा अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्याचे इंग्रजी भाषांतर कर्नल फिलट यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यासंबंधी लिहिताना तेथील लोक घोड्यांना शिजविलेले मांस व भात चारतात आणि घोडे मरतात असे म्हटले आहे. हा शेरा एका किनाऱ्यापुरता आहे. तो साऱ्या दक्षिणेस लावण्याची घाई काही ग्रंथकारांनी केली, ती निराधार होय.

युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती. एक्लिप्स हा इंग्लंडचा अजिंक्य शर्यती घोडा १७८९ मध्ये शुळानेच मेला. त्याचे शवविच्छेदन करणारा फ्रेंच पशुवैद्य सेनबेल १७९१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यालयाचा पहिला प्राध्यापक झाला. फ्रान्समध्ये लियाँ येथे असे विद्यालय १७६२ मध्येच निघाले होते. आपल्याकडे लाहोरचे विद्यालय १८८२ चे, मुंबईचे १८८६ चे. खुद्द परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १९७२ साली, म्हणजे हिंगोलीची छावणी उठल्यानंतर एकोणसत्तर वर्षांनी. कंटिन्जंटच्या रिसाल्यांना १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात नवे क्रमांक मिळाले. शिलेदारी पद्धतही पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघाली. सालोत्री गेला आणि पदवीधर पशुवैद्य येईपर्यंत मधला काळ पुष्कळसा रिकामाच राहिला.

ह्या रिकाम्या काळातून काही घातक चाली आजवर टिकून आहेत. त्यांतील पहिली म्हणजे बांबूच्या नळकांड्याने तेल किंवा काढा घोड्याच्या घशात ओतणे. मान वर धरलेल्या, वेदनेने धडपडणाऱ्या घोड्याच्या फुप्फुसात तो द्रव उतरतो, आणि शुळातून वाचलेले जनावर न्यूमोनियाने दगावते. पशुवैद्य हेच तेल नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतो. त्याआधी त्याच नळीने जठरातील ताण मोकळा करतो. दुसरी चाल घोड्यास थकेपर्यंत दौडविण्याची. लगाम धरून सावकाश फिरविणे हितावह आहे. त्यामुळे तो लोळून स्वतःस इजा करून घेत नाही. दमविणे मात्र घातक. पशुवैद्य येईपर्यंत धन्याने करावयाचे ते थोडके आहे: पुढची वैरण व चंदी काढून घ्यावी, टोकदार वस्तू नसलेल्या मोकळ्या जागेत न्यावे, नाडी मोजून वेळेसह टिपून ठेवावी, आणि वेदनाशामक औषध आपल्या मनाने टोचू नये, त्याने दुखणे झाकते, पीळ सुटत नाही. शस्त्रक्रियेने असा पीळ सोडविणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्य झाले, तेही पहिल्या काही तासांत निदान झाले तरच.

आज परभणी-नांदेडच्या मुलखात घोडा दिसतो तो वरातीत किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील बाजारात. ह्या बाजारात येणारी कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या घोडी पाळणारी आहेत. शुळाच्या निरनिराळ्या प्रकारांना त्यांच्या बोलीत कोणती नावे आहेत, कोणत्या खुणेवरून ते कोणता प्रकार ओळखतात, हरळी धुण्याचा आणि चंदी भिजविण्याचा त्यांचा परिपाठ काय, हे टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकदोन यात्रांत करण्याजोगे आहे. छावणीच्या दप्तरात न सापडणारा मोतद्दार कदाचित तेथे सापडेल.