सॉफ्टवेअर : घडवताना काय लागते, चालवताना काय?

तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काच घडवायची तर वाळू, सोडा आणि धगधगती भट्टी हवी. मात्र कंदिलाची तयार काच घरी नेणाऱ्याला भट्टी लागत नाही. त्याला वात आणि रॉकेल पुरते. सॉफ्टवेअरमध्येही नेमका हाच भेद आहे.

प्रोग्रॅम तयार करताना जे घटक लागतात, त्यांना ‘बिल्ड-टाइम डिपेन्डन्सी’ म्हणतात. तो प्रत्यक्ष चालताना जे लागतात, त्या ‘रनटाइम डिपेन्डन्सी’. पॅकेजच्या माहितीत दोहोंची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. डेबियन या लिनक्स प्रणालीत त्यासाठी ‘बिल्ड-डिपेन्ड्स’ व ‘डिपेन्ड्स’, तर फेडोरामध्ये ‘बिल्डरिक्वायर्स’ व ‘रिक्वायर्स’ असे रकाने असतात.

मराठीशी निगडित उदाहरण ‘लोहित देवनागरी’ या मुक्त फॉन्टचे. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्याची देखभाल केली. फेडोरामध्ये त्याचे पॅकेज बांधताना ‘फॉन्टफोर्ज’ हे अक्षररचनेचे सॉफ्टवेअर लागत असे. मराठी वाचणाऱ्याला त्याची गरज नाही. ते चुकून दुसऱ्या रकान्यात गेले, तर प्रत्येक संगणकावर विनाकारण उतरेल.

नोंद राहून गेली, तर अडचण अधिक गंभीर. तयार करणाऱ्याच्या संगणकावर तो घटक आधीच असल्याने चूक लक्षात येत नाही. बिघाड होतो तो वापरणाऱ्याकडे. म्हणूनच फेडोरात ‘मॉक’ आणि डेबियनमध्ये ‘एसबिल्ड’ ही साधने कोऱ्या वातावरणात, केवळ नोंदवलेल्या घटकांवरच, पॅकेज बांधून पाहतात.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड आढळला. चाचणीच्या फायलींत दडवलेला हा कोड बांधणीच्या वेळी मूळ लायब्ररीत मिसळला जाई. सर्व्हरवर दुरून प्रवेश देणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ला ही लायब्ररी मुळात लागत नाही, परंतु काही लिनक्स प्रणालींत ती अन्य घटकामार्फत तेथवर पोहोचली होती. अशा वेळी ‘आपल्याकडे हे आहे का?’ याचे उत्तर अचूक नोंदीच देतात.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तळेगाव-चाकण पट्ट्यातील कारखान्यांना ‘बिल ऑफ मटेरियल’ नवे नाही. आता तीच शिस्त सॉफ्टवेअरलाही लागू होत आहे.