एका बंद झडपेचा इतिहास

साताऱ्यात आम्ही जुने घर विकत घेतले तेव्हा कागदपत्रे डोळ्यांत तेल घालून तपासली होती. तीस वर्षांचा सर्च काढला, मिळकत पत्रिका पाहिली, खरेदीखताचा मसुदा दोनदा वाचला. भिंतीला ओल आहे का, वासे किडले आहेत का हेही पाहिले. न्हाणीघरात एक २५ लिटरचा विजेचा बॉयलर टांगलेला होता. पूर्वीचे मालक म्हणाले, "पाणी छान कडकडीत येतं, राहू द्या तुम्हालाच." आम्ही आभार मानले. घराच्या मागच्या पडवीत एक काळवंडलेला तांब्याचा बंबही होता. तो मात्र आम्ही मोडीत घालायचे ठरवले.

आठव्या दिवशी सांगलीहून आई राहायला आली. सकाळी तिने गरम पाण्याचा नळ सोडला आणि ओरडतच बाहेर आली. नळातून पाण्याऐवजी फसफसत वाफ येत होती. तिचा हात थोडक्यात वाचला. मी धावत जाऊन मुख्य बटण बंद केले आणि बॉयलर निवेपर्यंत कोणालाही आत जाऊ दिले नाही. त्या दिवशी सुचलेले एवढेच शहाणपण. त्याआधीचे आठ दिवस मी, विज्ञानाचा संशोधक, त्याच बॉयलरखाली उभा राहून अंघोळ करत होतो.

दुपारी कारागिराने झाकण उघडले तेव्हा चार गोष्टी दिसल्या. पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावर वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले होते. थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा दुसरा कटआउट कोणीतरी वायरीचा तुकडा टाकून थेट जोडला होता. गार पाण्याच्या नळीवर पाणी मागे जाऊ न देणारी एकदिशी झडप बसवली होती. आणि सुरक्षा झडपेचे तोंड आटे पाडून, स्क्रू पिळून पक्के बंद केले होते.

हे चौथे काम कोणी आणि का केले असेल, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधताना मी तीनशे वर्षे मागे गेलो.

पण सुरुवात पडवीतल्या बंबापासून करू. मधोमध धुराड्याची नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. गोवऱ्या, ढलप्या, शेंगांची टरफले, काहीही घाला, पाणी तापते. हा बंब शिसे ओतून बंद केलेला नसतो. पाणी ओतण्याचे तोंड हवेला उघडे असते, फार तर त्यावर सैल झाकण असते. त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. जाळ कितीही केला तरी पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते (साताऱ्याच्या उंचीवर त्याहूनही दोनेक अंश कमी) आणि वाफ निघून जाते. गुऱ्हाळातल्या काहिलीचेही तेच. ती उतू जाईल, रस करपेल, पण ती फुटणार नाही. बंबाचा धोका वेगळा आहे. बंद खोलीत पेटवला तर अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू साठतो. पडवीत किंवा परसात बंब ठेवण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची होती. आजचा गॅस गिझर खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बसवणारे ती विसरतात.

भांड्याचे तोंड बंद केले की सगळे बदलते. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे भांडे मांडले. त्यात वाफ कोंडून हाडेसुद्धा मऊ शिजत. कोंडलेल्या वाफेचे भांडे फुटू शकते हे पापँला लवकरच कळले. त्याने झाकणाला एक भोक ठेवले, त्यावर झडप बसवली आणि ती तरफेला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. दाब वजनाला भारी पडला की झडप उचलली जाई आणि वाफ सुटे. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी ही याच वजनाची वंशज.

पापँचे भांडे स्वयंपाकाचे होते. पुढे वाफेवर यंत्रे चालू लागली. जेम्स वॉटला जास्त दाबाच्या वाफेची भीती वाटे आणि तो कमी दाबावरच काम करी. रिचर्ड ट्रेव्हिथिक या कॉर्निश अभियंत्याने मात्र जास्त दाबाची इंजिने बांधली. १८०३ च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रिनिच येथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे मेली. बॉयलरवर नेमलेला मुलगा मासे धरायला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मजुराने इंजिन थांबवले, पण सुरक्षा झडप मोकळी केली नाही. वाफेला वाट उरली नाही.

ट्रेव्हिथिकने यातून घेतलेला धडा शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. त्याने माणसांना नुसते "जपून वागा" म्हटले नाही. त्याने बॉयलरला एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा बसवल्या आणि भट्टीच्या वरच्या पत्र्यात शिशाची एक खुंटी घातली. पाण्याची पातळी खाली गेली की ती खुंटी उघडी पडून वितळे, त्या भोकातून वाफ भट्टीत शिरे आणि आग मंदावे. माणूस चुकणारच हे गृहीत धरून यंत्र बनवायचे, हा तो विचार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याहून कऱ्हाडमार्गे मिरजेकडे मीटरगेजची वाफेची गाडी धावू लागली तेव्हा वाफेच्या इंजिनात अशी वितळणारी खुंटी ही नेहमीची गोष्ट झाली होती. कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी असते ती छोटी झडपही वितळूनच आपल्याला वाचवते.

तरीही स्फोट थांबले नाहीत. १८६५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे दगावली. त्या बोटीच्या एका गळक्या बॉयलरला घाईघाईत ठिगळ लावण्यात आले होते. भारतात १८६३ साली कलकत्त्यात एक मोठा बॉयलर स्फोट झाला. त्याचा परिणाम म्हणून १८६४ मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले. त्यांचा मेळ घालून १९२३ मध्ये 'भारतीय बॉयलर कायदा' झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो लागू झाला. नोंदणी केल्याशिवाय आणि निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही, दाबाची मर्यादा ओलांडायची नाही, अपघात झाल्यास २४ तासांत कळवायचे, अशी त्यात तरतूद होती. एक गुन्हा तर नावानिशी लिहिला होता : सुरक्षा झडपेत ढवळाढवळ करून ती निकामी करणे. शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. बऱ्याच चुकांची शिक्षा त्यात सौम्य झाली, परंतु झडपेशी छेडछाड हा गुन्हा फौजदारीच राहिला.

या कायद्याचा लाभ आपल्या भागाला मोठा झाला. फलटणजवळच्या साखरवाडीला १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सांगलीत आणि कऱ्हाडजवळ रेठऱ्याला सहकारी कारखाने आले. उसाच्या चिपाडावर चालणारे त्यांचे बॉयलर एखाद्या इमारतीएवढे असतात. वीजही निर्माण करणाऱ्या नव्या बॉयलरांत दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्या वर जातो. पण तिथे प्रमाणपत्रधारक माणूस नेमलेला असतो, पाण्याचा जडपणा रोज तपासला जातो आणि ठरल्या मुदतीने राज्याच्या बाष्पके संचालनालयाची तपासणी होते.

मग माझ्या न्हाणीघरातल्या बॉयलरचे काय? कायद्याने त्याला वगळले आहे. २५ लिटरपेक्षा कमी धारणेची भांडी आणि ज्यांत पाणी १०० अंशांच्या खाली तापवले जाते अशी भांडी या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. हे योग्यच आहे. घरोघरी निरीक्षक पाठवणे शक्य नाही. पण त्यातली गोम पाहा. घरचे पाणी १०० अंशांच्या खाली राहते ते थर्मोस्टॅटच्या भरवशावर. थर्मोस्टॅट चिकटला की ज्या कारणासाठी भांडे वगळले ते कारणच उरत नाही. भांडे मात्र त्याच खिळ्याला लटकत राहते.

आता थोडे गणित करू. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले की त्याचे आकारमान सुमारे १.४ टक्के वाढते. २५ लिटरमागे हे पाणी साधारण पेलाभर, म्हणजे ३५० मिलिलिटर होते. साध्या जोडणीत ते गार नळीतून मुकाट्याने वरच्या टाकीकडे सरकते. एकदिशी झडप असेल तर तो रस्ता बंद होतो आणि तेवढे पाणी सुरक्षा झडपेतून ठिबकते. म्हणजे ही झडप ठिबकली तर ती बिघडलेली नसते, आपले काम करत असते. ते ठिबकणे बंद केले आणि पाणी तापतच राहिले तर? दाब वातावरणाच्या सहापट झाला की पाणी सुमारे १५९ अंशांपर्यंत न उकळता तापते. अशा वेळी टाकी फाटली तर दाब एकदम उतरतो आणि त्यातले सुमारे ११ टक्के पाणी क्षणात वाफ होते. २५ किलो पाण्यातून अडीच किलोहून अधिक वाफ, म्हणजे चार घनमीटरपेक्षा जास्त. दीड मीटर बाय दोन मीटरच्या, अडीच मीटर उंच न्हाणीघराचे आकारमान साडेसात घनमीटर. त्याचा निम्म्याहून अधिक भाग एका क्षणात वाफेने भरेल. हे आकडे विद्यार्थ्यांना स्वतः काढायला सांगावेत.

मी पूर्वीच्या मालकांकडे गेलो. निवृत्त गृहस्थ, स्वभावाने काटकसरी. रागावून गेलो होतो, परंतु त्यांनी सांगितलेली हकीकत ऐकून गप्प झालो. पूर्वी गरम पाणी गार नळाला येई, म्हणून प्लंबरने एकदिशी झडप घातली. तेव्हापासून बॉयलर ठिबकू लागला. त्यातच बोअरचे जड पाणी. तापल्यावर त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट विघटित होऊन चुन्याचा पांढरा थर साचतो, आणि झडप नीट बसत नाही. ठिबक वाढली, भिंतीला ओल आली. "पाणी वाया जातंय" म्हणून दुसऱ्या कारागिराने तोंड बंद केले. मग बॉयलर मध्येच बंद पडू लागला. खरे तर थर्मोस्टॅट गेला होता आणि कटआउट वीज तोडत होता. तिसऱ्याने कटआउट थेट जोडला आणि पाणी "छान कडकडीत" येऊ लागले.

यात कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाने समोर दिसणारी एक तक्रार दूर केली. पण ती तक्रार म्हणजे यंत्राने दिलेली सूचना होती, हे कोणालाच ओळखता आले नाही. ग्रिनिचच्या मजुरापासून साताऱ्याच्या न्हाणीघरापर्यंत गोष्ट तीच आहे.

आम्ही तो बॉयलर उतरवून सरळ भंगारात दिला, दुरुस्त करून दुसऱ्याच्या गळ्यात मारला नाही. नवा मानांकित बॉयलर घेतला आणि सुरक्षा झडपेची नळी मोरीपर्यंत आणून उघडी सोडली. ती सकाळी थोडी ठिबकते. आई विचारते, "हे गळतंय ते बघायला नको का?" मी म्हणतो, "गळायचं थांबलं की सांग, तेव्हा बघू."

घर घेताना सातबारा, मिळकत पत्रिका, सर्च हे सगळे पाहावेच. त्याबरोबर भिंतीवरच्या बॉयलरची झडपही पाहावी. तिचे तोंड मोकळे आहे का, थर्मोस्टॅट वीज तोडतो का, कटआउट जागेवर आहे का, हे जाणकार कारागिराकडून पाहून घ्यायला अर्धा तास पुरतो. कायद्याचा निरीक्षक न्हाणीघरात येणार नाही. ते काम आपले.

आणि तो बंब? तो आम्ही मोडीत घातला नाही. घासूनपुसून पडवीतच ठेवला आहे.