बाँब पहिल्याच खंडात पडतो

पैसे नेऊ नका, तांदूळ न्या. डिसेंबर १९४५ मध्ये हिरोशिमा स्टेशनवर उतरणार असाल, तर तुमच्या खिशातल्या येनला तिथे फारसं कुणी विचारणार नाही. अंगावर जाड कपडे असू द्यात. शहरात छपरं उरलेली नाहीत, समुद्राचा वारा अडवायला काही नाही. बाँब पडल्याला चार महिने झालेत. सप्टेंबरात मकुराझाकीचं वादळ आलं आणि स्फोटातून वाचलेले पूलही त्यात वाहून गेले. ट्राम मात्र चालू आहे. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी तिचा एक टप्पा सुरू झाला होता.

स्टेशनजवळच्या बाजारात शिरा. सरकारी रेशन माणशी दिवसाला जेमतेम तीनशे ग्रॅम धान्याचं, तेही वेळेवर येत नाही, आणि आलं तर तांदळाच्या जागी रताळी येतात. इथे, फळ्या टाकून मांडलेल्या या काळ्या बाजारात, सगळं आहे: पांढरा भात, साखर, लष्करी बूट, घोंगड्या. हा माल आला कुठून, असं कुणाला विचारू नका. शरणागतीच्या गोंधळात देशभरची लष्करी कोठारं रिकामी झाली, आणि ती रिकामी करणारे बहुतेक अधिकारी, ठेकेदार आणि त्यांच्या ओळखीचे होते. ज्यांनी चार वर्षं लोकांना पोटाला चिमटा घ्यायला सांगितलं, त्यांच्याच घरी आता पोती आहेत. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, सरकार बँकेतल्या ठेवी गोठवेल आणि जुन्या नोटा रद्द करेल. मग मध्यमवर्गातल्या बायका लग्नातले किमोनो घेऊन खेड्यांकडे निघतील. एकेक किमोनो जाईल, थोडे थोडे दाणे येतील.

भंगाराच्या ढिगाऱ्यात खिळे, तारा, काचा वेचणारी पोरं दिसतील. त्यांतलाच एक सहा वर्षांचा केइजी नाकाझावा. ६ ऑगस्टला सकाळी तो शाळेच्या फाटकापाशी होता. काँक्रीटची भिंत आड आली, म्हणून वाचला. वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ गेले. वडील चित्रकार, युद्धविरोधी नाटकमंडळीतले, त्यापायी तुरुंगात जाऊन आलेले. त्याच दिवशी आईला रस्त्यावर मुलगी झाली. ती जेमतेम चार महिने जगली.

हाच मुलगा पुढे ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही मांगा (जपानी चित्रकथा) काढणार आहे. तिचे खंड दहा, नायक गेन नावाचा मुलगा. बाँब पहिल्या खंडाच्या शेवटी पडतो. उरलेल्या नऊ खंडांत तुम्ही आत्ता उभे आहात तेच शहर आहे.

दक्षिणेला समुद्राकडे, एबा वस्तीकडे चालत चला. नाकाझावाची आई मुलांना घेऊन इथेच आसऱ्याला आली. मांगातली गेनची आईही इथेच येते. ज्या घरात ती राहते तिथली म्हातारी सासू तिला एक दिवस सुखानं राहू देत नाही. चोरीचा आळ येतो, मुलांना मार बसतो. जवळच एका श्रीमंताच्या घरी भाजलेला चित्रकार सेइजी एकटा पडून आहे. जखमांत किडे झालेत, आणि सख्खा भाऊ खोलीत पाऊल टाकत नाही. त्याची शुश्रूषा करायला पैसे देऊन एक पोर ठेवलं जातं. ते पोर म्हणजे गेन. दारात उभे राहून पाहा: आत बसलेल्यांना रोग लागण्याची भीती आहे, बाहेरच्याला उपाशी राहण्याची. आग महालाला आणि झोपडीला सारखीच लागली होती. नंतरचे दिवस मात्र ऐपतीप्रमाणे वाटले गेले.

आता १९४६ च्या वसंतात, जवळच्या कुरे बंदरावर या. बोटीतून उतरणाऱ्या सैनिकांत तुमच्या कानावर मराठी पडली तर दचकू नका. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेत भारतीय ब्रिगेडही होती. तिचे प्रमुख ब्रिगेडियर थिमय्या, आणि तिच्या बटालियनांपैकी एक मराठा लाइट इन्फंट्रीची. स्वतः परक्या राज्याखाली असलेली ही माणसं जिंकलेल्यांच्या बाजूनं पहाऱ्याला उभी आहेत. स्थानिकांशी मिसळायला त्यांना मनाई आहे. भारतीय तुकड्यांकडे सोपवलेल्या मुलखात शिमाने प्रांत येतो. त्याचं मुख्य शहर मात्सुए. तिथे आपल्याला पुढे जायचं आहे.

७ डिसेंबर १९४७. सम्राट हिरोशिमात आलेत. हजारोंचा जमाव, हातात झेंडे, ओठांवर जयजयकार. गर्दीत मागे उभे राहा आणि पुढच्या रांगेतल्यांकडे नीट बघा. नाकाझावाच्या मांगात सामेजिमा नावाचा मोहल्लाप्रमुख आहे. युद्धात तो गेनच्या वडिलांना देशद्रोही म्हणायचा, त्यांच्या घराचं रेशन अडवायचा. युद्ध संपताच तो शांततावादी होतो आणि निवडणुकीला उभा राहतो. अशी माणसं ओळखायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही. गेन भर सभेत त्याचा बुरखा फाडतो, पण लोक टाळ्या वाजवतच राहतात.

याच सुमारास टोकियोतल्या एका न्यायाधीशाचा उपासमारीनं मृत्यू झाला होता. नाव योशितादा यामागुची. काळ्या बाजारातल्या खरेदीचे खटले ज्याच्यापुढे चालतात त्यानं स्वतः तिथलं खाऊ नये, असं म्हणून त्यांनी फक्त रेशनवर दिवस काढले. कायदा पाळून जगता येत नव्हतं, याचा याहून चोख पुरावा मिळणार नाही.

१९५१ मध्ये हिजियामा टेकडीवर चढा. अर्धगोल छपरांच्या नव्या इमारती दिसतील. ही अमेरिकनांची संशोधन संस्था. जीपमधून वाचलेल्यांना आणतात, रक्त घेतात, फोटो काढतात, मुलांची उंची मोजतात आणि परत सोडतात. औषध देणं त्यांच्या कामात बसत नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी कर्ज काढलेली आई इथून हात हलवत बाहेर पडते, तेव्हा तिच्याबरोबर टेकडी उतरा. वर्तमानपत्रांत यातलं काही नसे. सप्टेंबर १९४५ पासूनच्या ताबा सरकारच्या नियमांमुळे बाँबबद्दल मोकळेपणानं छापणं अवघड होतं. जपानी नियतकालिकातून जखमी शहराचे फोटो सर्वदूर पोचले ते ऑगस्ट १९५२ मध्ये, ताबा उठल्यावर.

खाली शहर नव्यानं उभं राहतंय. १९४९ मध्ये शांतिनगरीचा खास कायदा झाला. केन्झो तांगेंच्या आराखड्यानं स्मारक उद्यान आकार घेतंय, शंभर मीटर रुंद रस्ता आखला गेलाय. सरकारी मजुरीच्या कामांवर रोजंदारीनं राबणाऱ्यांत बाँबमध्ये विधवा झालेल्या बायका आहेत. उद्यानापासून जवळच, मोतोमाचीच्या नदीकाठी, पत्र्याची आणि फळ्यांची खोपटी दाटीनं उभी आहेत. या वस्तीला पुढे ‘अणुबाँब झोपडपट्टी’ असंच नाव पडलं. इथे घर गमावलेले जपानी आहेत, आणि कोरियनही. मांगातला पाक हा गेनचा कोरियन शेजारी. स्फोटानंतर त्याच्या भाजलेल्या बापाला, कोरियन म्हणून, उपचार नाकारले जातात. बाँबग्रस्तांच्या वैद्यकीय मदतीचा पहिला कायदा १९५७ मध्ये आला, म्हणजे बारा वर्षांनी. मोतोमाचीत खोपट्यांच्या जागी उंच इमारती पूर्ण व्हायला १९७८ उजाडलं.

१९६६. नाकाझावा आता टोकियोत मांगा काढतो, आणि बाँबग्रस्त असल्याचं कुणाला सांगत नाही. आईच्या मृत्यूनंतर तो हिरोशिमाला जातो. दहनानंतर अस्थी वेचायच्या असतात. राखेत अस्थी म्हणावं असं काहीच सापडत नाही. परतीच्या गाडीत त्याच्यासमोर बसा, पण बोलू नका. इथून पुढे तो बाँबवर काढायला लागतो. १९७३ मध्ये ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात गेन सुरू होतो, आणि पुढच्याच वर्षी तिथून जातो. मग आधी एक पुरोगामी मासिक, नंतर कम्युनिस्ट पक्षाचं सांस्कृतिक मासिक, शेवटी शिक्षक संघटनेचं मासिक अशी त्याची वारी होते. बाँबची गोष्ट लाखोंच्या खपाच्या साप्ताहिकाला चालली. पोटाच्या आणि जाब विचारण्याच्या गोष्टीला मात्र संघटनांच्या दारात जावं लागलं.

आता मात्सुए. डिसेंबर २०१२ मध्ये इथल्या शिक्षण मंडळानं शाळांना सांगितलं की गेन ग्रंथालयाच्या कपाटात बंद ठेवा. कारण बाँबची दृश्यं नव्हती. जपानी सैनिकांनी आशियात केलेल्या क्रौर्याची चित्रं होती. त्याच महिन्यात, १९ तारखेला, नाकाझावा फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. ओरड झाली तेव्हा, ऑगस्ट २०१३ मध्ये, बंधन उठलं.

शेवटचा थांबा २०२३, खुद्द हिरोशिमा. शहराच्या शिक्षण मंडळानं शांतताशिक्षणाच्या पुस्तकातून गेन काढून टाकला. चर्चेत दोन प्रसंग होते. एकात भुकेली पोरं रस्त्यावर गाऊन पैसे मिळवतात. दुसऱ्यात गेन गरोदर, अशक्त आईसाठी एका श्रीमंताच्या तळ्यातला मासा चोरतो. आजच्या मुलांना हे समजणार नाही, असं सांगितलं गेलं.

दोन्ही वेळा नेमकं काय खुपलं ते पाहा. आकाशातून पडलेल्या बाँबवर सगळ्यांचं एकमत होतं, कारण त्याचा दोष दूरच्या कुणावर टाकता येतो. आपल्याच सैनिकांनी काय केलं, कुणाच्या तळ्यात मासे होते आणि कुणाच्या घरी चूल थंड होती, हा प्रश्न गल्लीतल्या माणसाला विचारावा लागतो. गेन तो दहा खंड विचारत राहतो, म्हणून तो अवघड जातो. युद्ध संपल्याच्या तारखेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी तर तो वाचायलाच हवा. पहिल्या खंडावर थांबू नका. दुसरा लगेच उघडा.