आधी कुणाची तार?

वाचकहो, पाकिटावर पाठवणाराचे नाव पाहून पोस्टमन पत्र लवकर द्यायचे की उशिरा ते ठरवू लागला, तर तुम्हांला चालेल का? इंटरनेटसंबंधी ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा जो वाद चालतो, तो मुळात एवढाच आहे. हे नाव टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ साली रूढ केले. प्रश्न मात्र तारायंत्राइतका जुना.

१८६० साली अमेरिकेच्या काँग्रेसने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेण्याचा कायदा केला. दहा वर्षे, वर्षाला चाळीस हजार डॉलरपर्यंत सरकार देणार; अट ही की, निरोप ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, पक्षपात न करता धाडायचे. (सरकारी तारांना मात्र पहिला मान. सरकार स्वतःला कधी विसरत नाही!)

पण पुढे वेस्टर्न युनियन कंपनीने बहुतेक सारी तार आपल्या मुठीत घेतली आणि असोसिएटेड प्रेसशी संगनमत केले. या वृत्तसंस्थेला स्वस्त दर. तिने प्रतिस्पर्धी कंपनीकडे जायचे नाही. मग नव्या वृत्तसंस्थेने उभे राहायचे कसे? १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर टिल्डन यांच्या माणसांच्या तारा हेझ यांच्या गोटात पोहोचल्याचा आरोप झाला. हेझ १८५ विरुद्ध १८४, अशा एका मताने निवडून आले.

आता आपल्याकडे पाहू. २०१५ साली फेसबुकने एका मोबाइल कंपनीच्या साथीने निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी योजना आणली. तिचेच नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, असे तिचे समर्थन. हे हसण्यावारी नेता येत नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला तत्त्व काय सांगायचे? परंतु फुकटात काय दाखवायचे हे ठरवणार कोण? बाहेर राहिलेल्या नव्या, छोट्या संकेतस्थळाकडे पैसे मोजून कोण जाणार? त्या वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे, दहा लाखांवर ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. दंड दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये. आठवडा उलटण्यापूर्वीच फ्री बेसिक्स भारतातून गेले.

आणि १८६० चा कायदा करणारी अमेरिका? तिथे २०१५ साली नियम झाले, २०१७ साली रद्द ठरले, २०२४ साली पुन्हा आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तेही मोडीत काढले.