वायुपिशवी, उतारूची
मोटारगाडीच्या टकरीत चालकाशेजारील उतारूचे डोके व छाती यांना आधार मिळावा म्हणून डॅशबोर्डात बसविलेली फुगणारी पिशवी. जॉन हेट्रिक या अमेरिकन तंत्रज्ञास १९५३ मध्ये अशा उशीचे एकस्व मिळाले. परंतु साठविलेला संपीडित वायू तीत पुरेशा वेगाने भरत नसे. सोडियम अझाइडापासून क्षणार्धात नायट्रोजन निर्माण करण्याच्या पद्धतीने ही अडचण दूर झाली. १९७३ च्या ओल्ड्‌समोबिल टोरोनाडो गाडीत उतारूसाठीही पिशवी होती. डॅशबोर्ड उतारूपासून दूर असल्याने ही पिशवी चालकाच्या पिशवीपेक्षा मोठी असते. तिच्या जोराने अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात पुढच्या आसनावरील कित्येक बालके दगावली. रक्षणाचे साधनच घातक ठरल्याने पिशव्यांचा जोर कमी करण्यात आला. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रतिमानांच्या गाड्यांत ती सक्तीची झाली. मागे तोंड असलेले बालआसन पुढे ठेवावयाचे झाल्यास ती बंद करावी लागते.