रक्ताचे दफ्तर

बिरसी हे मौजे गोंदिया शहराच्या ईशान्येस, कामठ्याच्या शेजारी, वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखात वसलेले आहे. आणि या मुलखाचा भूतकाळ धुंडाळू पाहणाऱ्यास पहिली अडचण पडते ती ही, की जुन्या दफ्तरात जमिनीविषयी जितके सापडते, त्याच्या शतांशही माणसांविषयी सापडत नाही. इंग्रजी अमदानीतील बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी कन्हार कोणती, मोरांड कोणती, सिहार आणि बरडी कोणती, हे बारकाईने टिपून ठेवले. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या शेताला, मालगुजाराचा हक्क कोठे संपतो आणि रयतेचा कोठे सुरू होतो, याची रुजवात घेतली. परंतु त्या बांध्यांत दिवसदिवस वाकून रोवणी करणारी माणसे कशाने मेली, या प्रश्नाला त्या दफ्तरात बहुतेक वेळा एकच शब्द उत्तरादाखल मिळतो, आणि तो म्हणजे ताप. गावचा कोतवाल ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यावर जाऊन जन्ममृत्यूंची वर्दी देई. पटकी आणि देवी एवढे रोग त्याला ओळखता येत; उरलेले बहुतेक मरण तापाच्या रकान्यात जाई. हा रकाना किती फसवा आहे याची जाणीव सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनाही होती, तरी मोठा आकडा त्याच रकान्यात पडत राहिला.

त्या एका शब्दाच्या पोटात काय दडले होते, हे उलगडण्यास वैद्यक, जीवशास्त्र आणि रसायन या तीन शास्त्रांना शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत, आणि ते काम अद्याप चालूच आहे. १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला, तेव्हा धानाच्या मुलखाचे दैव एका अर्थी प्रथमच वाचता आले. आपल्याकडील हिवतापाचा मुख्य वाहक, ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास, स्वच्छ आणि उघड्या पाण्यात अंडी घालतो. तलावाच्या पाळीखाली झिरपणारे पाणी, पाट, नुकती रोवणी झालेल्या उथळ बांध्या, ही त्याची आवडती ठिकाणे होत. पावसाळा सरता सरता हिवतापाचा जोर वाढे, आणि धान पिकून कापणीला येई तोही हाच काळ. ज्या आठवड्यांत विळा हातात धरायचा, त्याच आठवड्यांत हुडहुडी भरून माणूस घोंगडीखाली पडे. वर्षाच्या अन्नाचा आणि वर्षाच्या आजाराचा मुहूर्त असा एकत्र आलेला मुलूख किती सोसत असेल, याची कल्पना कोरड्या आकड्यांवरून येत नाही.

उपाय म्हणून काडेचिराईत आणि गुळवेल होते, आणि पुढे क्विनीन आले. टपालकचेरीतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्याची पद्धत १८९२ साली बंगालात सुरू झाली आणि मग इतर प्रांतांत पसरली. सिंकोनाच्या सालीतले हे कडू औषध जगाला पुरविण्याचा जवळजवळ सारा मक्ता जावा बेटाकडे होता, ही गोष्ट शांततेच्या काळात कोणाला फारशी जाचली नाही. पण १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने, इंग्रज सरकारने बिरसी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४२ च्या मार्चात, जावा जपानच्या हाती पडले. क्विनीनचा झरा एका महिन्यात आटला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याचा परिणाम भयंकर झाला. १९४३ साली जखमी होऊन मागे आणलेल्या प्रत्येक शिपायामागे आजाराने मागे आणलेले १२० शिपाई होते, असे जनरल स्लिम यांनी नमूद केले आहे, आणि त्या आजारांत हिवताप अग्रभागी होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेले मेपाक्रीन, ज्याने माणसाची कातडी हळदीसारखी पिवळी पडे, ते फौजेत रोजच्या रोज सक्तीने देण्यात आले. आणि युद्ध संपण्याच्या सुमारास डीडीटी हिंदुस्थानात येऊन पोहोचले.

डीडीटी प्रथम तयार झाले ते १८७४ साली, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा भाग म्हणून. ते कीटकांना मारते हे मात्र स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलरला १९३९ साली उमगले. मधली ६५ वर्षे ते निव्वळ एक नाव होते. रसायनाच्या इतिहासात असे वारंवार घडते, आणि याच लेखात पुढे त्याचे दुसरे उदाहरण येईल.

स्वतंत्र भारताने १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आरंभिला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. फवारणीचे पथक येई, घरातील भांडीकुंडी अंगणात निघत, भिंती पांढुरक्या होत. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. मानवी कर्तृत्वाच्या इतिहासात याला तोड थोडी सापडेल. म्हणूनच त्यानंतरची माघार वाचताना मन खिन्न होते. क्युलिसिफेसीस डास डीडीटीला जुमानत नाही, असे १९५९ सालीच गुजरातेतील पंचमहालांत आढळले होते. १९७६ साली रोग्यांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातून तर हिवताप पुरता कधी हललाच नाही.

परंतु तापाच्या रकान्यात केवळ हिवताप नव्हता, आणि येथून पुढचा इतिहास मला सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. १९१० साली शिकागो येथील जेम्स हेरिक या वैद्याने ग्रेनाडा बेटाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. हाच सिकलसेल. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रोगाचे मूळ एका रेणूत शोधण्याचा तो आरंभ होय. आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने तो दोष नेमका हुडकला: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, एवढाच फरक. एका अक्षराची चूक. पण प्राणवायू कमी पडताच तेवढ्याने पेशी वाकते, ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि सांध्यांत, हाडांत, छातीत असह्य कळा उठतात.

भारतात सिकलसेलच्या रक्ताची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील लोकांत हा गुण असल्याचे ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. गोंड, प्रधान, हलबा, बौद्ध आणि इतर समाजांतही तो आहे, हे पुढील पाहण्यांनी स्पष्ट केले. वारंवार ताप येणारे, हातपाय सुजणारे, डोळे पिवळे होणारे मूल पूर्वी घराघरात असे. त्याला कोणी वात म्हणे, कोणी कावीळ, आणि ते गेले म्हणजे कोतवालाच्या वर्दीत तेही तापातच जमा होई.

ही चूक इतक्या रक्तांत का टिकली, याचे उत्तर ॲन्थनी ॲलिसनने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत शोधले, आणि ते ऐकून आजही स्तिमित व्हावेसे वाटते. आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण आलेला वाहक निरोगी असतो, आणि शिवाय प्राणघातक हिवतापापासून त्याचे मोठे रक्षण होते. जंतू शिरलेली त्याची पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिचा निकाल लावते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो ती एके काळची ढाल होती. दोघांकडून आलेला गुण मात्र रोग होतो, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. हिवतापाच्या मुलखात जगण्याचा हा सारा होता. तो चौथ्या मुलाने भरला आणि बाकीचे जगले.

मालगुजारी १९५१ साली गेली. पण आमच्याकडील तलावांना अजून माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात मामा तलाव, असेच म्हणतात. हक्क गेला, नाव राहिले, पाळ राहिली, गाळही राहिला. रक्ताचेही तसेच झाले आहे. हिवताप कितीतरी ओसरला, ढालीचे प्रयोजन उणावले, सारा मात्र पिढ्यान्‌पिढ्या वसूल होतोच आहे. जे दफ्तर कोणत्याही बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याने लिहिले नाही, ज्यात शेतमजुराच्या आणि वनवाशाच्या शेकडो वर्षांच्या तापाची नोंद आहे, ते याच माणसांच्या धमन्यांतून वाहते आहे, आणि आजचे संशोधक ते ओळीओळीने वाचीत आहेत.

१९८६ साली कुलोझिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील व पूर्व अरबस्तानातील रोग्यांच्या जनुकांची तुलना करून असा पुरावा दिला, की आशियातील हा बदल आफ्रिकेतून आलेला नसून स्वतंत्रपणे उद्भवला असावा. या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक प्रमाणात टिकून राहते आणि पेशीला वाकण्यापासून काहीसे वाचविते. विदर्भातील कित्येक मुलांना मात्र एवढे संरक्षण पुरत नाही. उलट बाजूने, आफ्रिकेतील हिवतापाच्या जंतूंत या ढालीवर मात करणारे जनुकीय भेद निर्माण झाले आहेत, असे २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. हे द्वंद्व अजून संपलेले नाही.

वर ज्याचे अभिवचन दिले ते दुसरे रसायन म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. ते जर्मनीत १८६९ साली तयार झाले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ते वाढविते आणि कळांचे झटके कमी करते, हे अमेरिकेतील प्रयोगांनी १९९५ साली सिद्ध झाले. भारतातील मुलांना ते किती द्यावे, याचा निर्णय परदेशी पुस्तकावरून न घेता नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी स्वतः प्रयोग केला, आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम एवढी अल्प, ठराविक मात्राही गुणकारी ठरते, असे २०१२ साली दाखविले. ज्या मुलाला महिन्यातून दोनदा दवाखाना गाठावा लागे, त्याला शाळेत बसविणारे हे काम आहे, आणि त्याचा गौरव जितका व्हावा तितका झालेला नाही. नागपूरचेच संपत रामटेके यांनी रोग्यांच्या कुटुंबांना एकत्र आणून सरकारदरबारी त्यांचा आवाज नेला; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने जनुकसंपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळच त्यात निकामी केली जाते. अरब-भारतीय रक्ताने निसर्गतः जे अर्धवट साधले, ते पूर्णत्वास नेण्याचा हा प्रयत्न. अमेरिकेत त्याची किंमत माणशी २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेत स्वस्त पर्यायावर काम चालू आहे, आणि ते यशस्वी व्हावे अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. कारण ज्यांनी हा सारा आजवर भरला त्यांच्यापाशी मोजायला डॉलर नाहीत.

बिरसीच्या त्या युद्धकाळच्या धावपट्टीवर २०२२ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. त्याच पंचक्रोशीत सोयरीक जमविताना आता एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. गोंडांमध्ये पूर्वापार चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे विचारून नाते ठरते. त्याच्या जोडीला सिकलसेलची चिठ्ठी आली आहे. वाहक मुलीला त्यावरून कोणी उणे लेखू नये, एवढी काळजी मात्र प्रत्येक घराने घ्यावयास हवी, कारण वाहक असणे हा रोग नव्हे आणि जोडीदार वाहक नसला तर भय उरत नाही. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ही तपासणी आदिवासी भागांत गावोगाव होत आहे. पद्धत साधी आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात सोडतात, पाच मिनिटे थांबतात, आणि मग आरोग्यसेविका ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदापुढे धरते. रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या, तर ती वहीत नाव लिहिते आणि घरातल्या बाकीच्यांना बोलवायला सांगते.