जेऊरचे ग्रहण आणि पुण्याचे नायगमवाला

सोलापूर जिल्ह्यातले जेऊर हे तसे साधेच रेल्वे स्टेशन. पण २२ जानेवारी १८९८ रोजी तिथे दुर्बिणी रोखल्या होत्या. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी होती, तसेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही. खग्रास पट्टा विजयदुर्गाकडून ईशान्येला सरकला. आपल्या डहाणू-तलासरीत खंडग्रासावरच भागले. प्लेगचे ते दिवस, आणि सूर्य झाकणार होता जेमतेम दोन मिनिटे!

तेवढ्यात करायचे काय, तर प्रभामंडळाच्या प्रकाशाचा वर्णपट फोटोच्या काचेवर उतरवायचा. ही विद्या जर्मनांची. फ्राउनहोफरने सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा मोजल्या, आणि १८५९ साली हायडेलबर्गच्या किर्खोफ व बुन्सेन यांनी त्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याची वाट दाखवली. तारा हाती न घेता त्यात काय आहे ते सांगता येऊ लागले.

नायगमवालांचा जन्म १८५७चा. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले, आणि १८८८ साली कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

आता खरी गंमत. नॉर्मन लॉकियर म्हणजे त्या काळचे मोठे प्रस्थ. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मुख्य रेषेचा संबंध ते मॅग्नेशियमशी जोडत; तसे असते तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी १८९१ साली पुण्याहून कळवले, रेषा अगदी रेखीव आहे! पुढे १९२७ साली बोवेनने ती प्राणवायूची असल्याचे दाखवले. (हेच लॉकियर १८६८ साली विजयदुर्गावर होते, अशी कथा आपल्याकडे सांगतात. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते. किल्ल्यावर आले ते १८९८च्या ग्रहणाला.)

जेऊरचा अहवाल १९०२ साली छापून निघाला. वेधशाळेच्या प्रकाशनांचा तो पहिला खंड. पण सारा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर. मदतनीस तयार करावेत, पुढची सोय लावावी, हे सरकारला सुचले नाही. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले नि वेधशाळेला कुलूप लागले. यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. तिथे त्या दुर्बिणीला नाव पडले भावनगर दुर्बीण. पुण्याचा त्यात उल्लेखही नाही. नायगमवाला १९३८ साली वारले.